मिडल स्कूलमधला गुणगौरव आणि पालक स्वयंसेवक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपली की गोव्यातल्या शाळांमधून हे प्रश्न येऊ लागतात. वर्गशिक्षक विचारतात, पालक-शिक्षक संघाचे नवे पदाधिकारी विचारतात आणि ‘आमच्या मुलाचे काय’ असे पालकही विचारतात. इथे पाचवी ते आठवी एवढाच विचार केला आहे. या वयात मुलाला कौतुक हवे असते आणि चारचौघांत कौतुक झाले की लाजही वाटते, हे धरूनच पुढची उत्तरे वाचावीत.

१. गुणगौरव नेमका कशाचा करायचा? पहिले तीन क्रमांक पुरेसे नाहीत का?

क्रमांक ठेवा, पण तिथेच थांबू नका. चाळीस मुलांच्या वर्गात तिघांचा गौरव झाला तर उरलेली सदतीस मुले फक्त टाळ्या वाजवायला बसलेली असतात.

कोणत्याही बक्षिसाची एक कसोटी आहे: ‘या मुलाने काय केले?’ याचे उत्तर एका वाक्यात, क्रियापदासकट देता आले पाहिजे. ‘हुशार’, ‘गुणी’, ‘आदर्श विद्यार्थिनी’ ही उत्तरे झाली नाहीत. ‘वर्गाच्या ग्रंथपेटीची नोंद जून ते सप्टेंबर ठेवली, एकही पुस्तक हरवले नाही’ हे उत्तर झाले. ‘गणितात पहिल्या चाचणीतल्या ९ गुणांवरून दुसऱ्या चाचणीत २१ वर आला’ हेही झाले. ‘पाचवीच्या मुलांना घुमट या वाद्यावर आरतीचा ताल धरायला शिकवले’ हे तर उत्तमच. असे वाक्य सापडत नसेल तर ते बक्षीस यंदा कोणालाच देऊ नये.

२. वर्षातून एकदा मोठा समारंभ करावा की अधूनमधून छोटे?

दोन्ही करा. महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी प्रार्थनेनंतर पाच मिनिटांत चार-पाच मुलांची नावे आणि त्यांनी केलेले काम वाचून दाखवावे. त्याला प्रमाणपत्र लागत नाही, पाहुणाही लागत नाही. मोठा समारंभ वर्षातून एकदाच.

खरी गरज आहे ती नोंदवहीची. शंभर पानी वहीत पाच रकाने आखा: तारीख, मुलाचे नाव, इयत्ता व तुकडी, काय केले, कोणी पाहिले. ही वही शिक्षकांच्या खोलीत उघडी ठेवा. शिपाई, माध्यान्ह आहार वाढणाऱ्या बचतगटाच्या बायका आणि बालरथचा, म्हणजे शाळेच्या बसचा, चालक यांनाही त्यात नोंद करता आली पाहिजे. मुलांचे वर्गाबाहेरचे वागणे त्यांनाच जास्त दिसते. वही नसेल तर काय होते ते ठरलेले आहे. जुलैमध्ये एखाद्या मुलीने केलेले काम डिसेंबरात कोणाला आठवत नाही, हाताशी राहते ती निकालपत्रिका, आणि समारंभ पुन्हा त्याच तिघांचा होतो.

३. समारंभाची तारीख कशी निवडावी?

आधी कोणते दिवस वगळायचे ते पाहा. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीच्या आगेमागे मुले घरच्या माटोळीत, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या सजावटीत, गुंतलेली असतात. ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त (सण) असते आणि १९ डिसेंबरला मुक्तिदिनाची संचलने. त्यानंतर नाताळची सुट्टी लागते. पुढे कार्निव्हल आणि शिगमो. यात गावाची जत्रा धराच. म्हापशाला बोडगेश्वराची जत्रा साधारण जानेवारीत येते. तिथी दरवर्षी सरकते, म्हणून पंचांग पाहिल्याशिवाय तारीख छापायला देऊ नका. शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊ लागल्यापासून काही शाळा वर्षारंभालाच गौरव ठेवतात. डिचोली भागात मात्र एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला शिरगावची लईराईची जत्रा येते आणि व्रत पाळणारे धोंड मुलांमध्येही असतात.

एकूण डिसेंबरचा दुसरा आठवडा आणि जानेवारीचा दुसरा पंधरवडा सर्वांत सोयीचे. वेळ शाळेच्या तासांतलीच, सकाळची धरावी. दुपारी चारचा कार्यक्रम हमखास पाचला सुरू होतो, संपेपर्यंत बालरथ गेलेला असतो, आणि सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या वाड्यांवर जाणारी बस सगळ्यांसाठी थांबत नाही.

४. कार्यक्रम नेहमी लांबतो. वेळेचा हिशेब कसा करायचा?

एका बक्षिसाला साधारण ३५ सेकंद लागतात. त्यात नाव आणि कामाचे वाक्य वाचायला १२, मूल मंचावर यायला १०, बक्षीस आणि फोटोला १३. सत्तर बक्षिसे म्हणजे जवळजवळ ४१ मिनिटे. स्वागत व दीपप्रज्वलन १०, मुख्याध्यापकांचा अहवाल ७, पाहुण्यांचे भाषण १०, स्वयंसेवकांचा सत्कार ८ आणि आभार ४ मिनिटे धरले की एक तास वीस मिनिटे झाली. एवढा वेळ सहावीतले मूल बसू शकते. त्यावर नाच, नाटुकले, समूहगान चढवले की पाचवीची रांग चुळबुळ करू लागते. स्नेहसंमेलन आणि बक्षीस समारंभ वेगळ्या दिवशी ठेवणे शक्य असेल तर ठेवा.

वेळ बहुतेक चालण्यात जातो. मूल सभागृहाच्या मागच्या कोपऱ्यातून निघाले तर १० सेकंदांची ४० होतात. म्हणून बक्षीसपात्र मुलांना पुकारण्याच्या क्रमाने पुढच्या दोन रांगांत बसवा. सहा मुले कायम मंचाच्या डाव्या पायऱ्यांपाशी उभी असावीत, एक वर गेले की एक त्या रांगेत यावे. उतरायचे उजवीकडून. प्रमाणपत्रांच्या मागे पेन्सिलने अनुक्रमांक टाकून गठ्ठा त्याच क्रमाने लावा आणि टेबलापाशी फक्त दोघे ठेवा, एक काढून देणारा आणि एक यादीवर खूण करणारा. तिसरा माणूस आला की गठ्ठा हललाच म्हणून समजा. गैरहजर मुलाचे प्रमाणपत्र लगेच वेगळ्या पाकिटात टाका. ते गठ्ठ्यात राहिले तर पुढच्या प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याचे प्रमाणपत्र जाते.

५. प्रमाणपत्रावर काय असावे? कागद कोणता?

मुलाचे पूर्ण नाव, इयत्ता व तुकडी, प्रश्न १ मधले ‘काय केले’ हे वाक्य, तारीख, मुख्याध्यापकांची सही, शिक्का. वाक्य पंधरा शब्दांच्या आत ठेवा, कारण तेच मंचावर वाचले जाणार आहे. कागद ए-४ आकाराचा, २५० ते ३०० जीएसएमचा. त्याहून पातळ कागद घरी जाईपर्यंत दुमडतो. छपाई लेझरची घ्या. इंकजेटची शाई पावसाळ्यात पसरते, आणि ही प्रमाणपत्रे पुढची अनेक वर्षे दमट कपाटातच राहणार आहेत. लॅमिनेशन करायचेच असेल तर सही-शिक्क्यानंतर करा. आधी केले तर शिक्क्याची शाई बसत नाही, हाताला लागते.

६. नाव कुठल्या लिपीत आणि कसे लिहावे? दरवर्षी यावरून तक्रारी येतात.

याला गोव्यात विशेष जपावे लागते. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव बहुधा रोमन लिपीत असते, प्रमाणपत्र मराठीत छापले जाते आणि मधले लिप्यंतर संगणकावर बसलेला माणूस अंदाजाने करतो. मग Naik चे कुठे नाईक, कुठे नायक होते. गावकर आणि गांवकर ही दोन्ही कुटुंबे एकाच वर्गात असतात आणि दोघांनाही आपलेच रूप हवे असते. ख्रिस्ती मुलांच्या नावांचे तर आणखी हाल होतात. आडनावाचा पोर्तुगीज उच्चार आणि इंग्रजी स्पेलिंग यांच्यात देवनागरी अडकते.

उपाय साधा आहे. समारंभाच्या पंधरा दिवस आधी वर्गात कागद फिरवा आणि प्रत्येक मुलाला स्वतःचे नाव देवनागरीत, स्वतःच्या अक्षरात लिहू द्या. पालकांची सही घेऊन तो कागद दुसऱ्या दिवशी परत मागा. सरकारी शिष्यवृत्ती किंवा बाहेरच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या दाखल्यावर मात्र रजिस्टरमधलेच नाव जसेच्या तसे लिहायचे. सूत्रसंचालकाने आदल्या दिवशी शंका असलेली नावे मुलांकडूनच उच्चारून घ्यावीत. स्वतःचे नाव चुकीचे पुकारलेले मूल मंचावर गेले तरी खाली मान घालूनच जाते.

७. बक्षीस म्हणून काय द्यावे?

पुस्तक. पाचवी-सहावीसाठी शंभर पानांच्या आसपासचे, सातवी-आठवीसाठी थोडे मोठे. सर्वांना एकच पुस्तक देऊ नका. चार-पाच वेगवेगळी घेतली की मुले आपसांत बदलून वाचतात. चित्रकलेच्या मुलाला ब्रश आणि रंग, खेळाडूला दोरी किंवा चेंडू असे कामाशी जुळणारे बक्षीस जास्त वापरले जाते.

रोख रक्कम टाळा. देणगीदाराने रोख बक्षीस ठेवले असेल तर पालकाच्या सहीने द्या. स्टीलचे डबे आणि भिंतीवरची घड्याळे घरात आधीच भरपूर असतात. रोपटे देण्याची कल्पना छान, पण मुलाला त्याच दिवशी बालरथातून तासभर जायचे असते आणि कुंडी आडवी होतेच. रोपे द्यायचीच असतील तर जूनमध्ये द्या, लागतीलही.

८. सजावटीत थर्माकोल आणि फ्लेक्स वापरता येतो का?

सजावटीचा थर्माकोल १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे. फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकची ताटे, पेले, चमचे आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर हेही त्याच यादीत येतात. कापडी फलक करून घ्या आणि त्यावर वर्ष घालू नका, म्हणजे तो दरवर्षी चालतो. वर्षाचा आकडा वेगळ्या पुठ्ठ्यावर टाचावा. बाकी झावळ्यांची विणलेली कमान, आंब्याची पाने, झेंडू आणि समईशेजारी अबोलीची फाती (गजरे) एवढ्याने मंच भरतो. झावळ्या आदल्या संध्याकाळी विणा, दोन दिवस आधी विणलेल्या पिवळ्या पडतात.

९. लाउडस्पीकरला परवानगी लागते का? कार्यक्रम तर आमच्याच मैदानावर आहे.

लागते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे लाउडस्पीकर लेखी परवानगीशिवाय लावता येत नाही, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर तो बंदच. शाळेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. तिथली दिवसाची मर्यादा ५० डेसिबल, म्हणजे साध्या बोलण्याहूनही कमी, हे पुष्कळांना माहीत नसते. तालुक्याच्या उपजिल्हाधिकारी कार्यालयात निदान पंधरा दिवस आधी चौकशी करा आणि पंचायतीच्या ना-हरकत दाखल्याचेही तेव्हाच विचारून घ्या. दोनशे माणसे बसतील अशा बंद सभागृहात दोन लहान स्पीकर पुरतात. माइक मात्र दोन हवेत आणि बिनतारी असतील तर सेलचा नवा जोड खिशात हवा.

१०. गुण, टक्केवारी आणि फोटो व्हॉट्सअॅपवर टाकावेत का?

बक्षीस घेतानाचा फोटो पालकांच्या लेखी संमतीने टाका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूल आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती ही मूळ अट आहे. वर्षाच्या सुरुवातीला एकाच कागदावर तीन वेगळे प्रश्न विचारा: शाळेच्या फलकावर फोटो चालेल का, पालकांच्या गटावर चालेल का, उघड समाजमाध्यमांवर चालेल का. अनेकांना पहिले दोन चालतात, तिसरे चालत नाही. नकार दिलेल्या मुलांची यादी छायाचित्रकाराकडे असू द्या.

संपूर्ण वर्गाची गुणयादी कुठेही टाकू नये. पहिल्याचे कौतुक करायला शेवटच्याचे गुण गावाला कळायची गरज नाही. नाव, इयत्ता, पत्ता आणि बालरथचा थांबा एकत्र दिसेल असा फोटो तर मुळीच टाकू नका.

११. दोघांचे गुण सारखे आले तर?

दोघांना तेच बक्षीस द्या आणि पुढचा क्रमांक सोडा. दोन पहिले आले तर दुसरा कोणी नाही, थेट तिसरा. जन्मतारीख किंवा चिठ्ठ्या यांवर निकाल लावू नये. यासाठी प्रत्येक गटात एक जादा प्रमाणपत्र आणि एक जादा पुस्तक धरूनच खरेदी करावी.

१२. शिष्यवृत्ती, नवोदय, इन्स्पायर यांत निवड झालेल्या मुलांचा गौरव कधी करायचा? निकाल येईपर्यंत मूल शाळेत नसते.

अडचण खरी आहे. नवोदयची सहावीची प्रवेशपरीक्षा पाचवीत देतात. निवड झालेले मूल वाळपई किंवा काणकोणच्या नवोदय विद्यालयात निघून जाते. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल गुणवत्ता शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत होते आणि तुमची शाळा आठवीपर्यंतच असेल तर पैसे सुरू होतात तेव्हा मूल दुसऱ्या हायस्कुलात असते. अशा मुलांना पुढच्या वर्षीच्या समारंभाला बोलवा. आठवीतल्या मुलांसमोर मागच्या वर्षीची मुलगी उभी राहणे हे कुठल्याही भाषणापेक्षा जास्त काम करते.

ही शिष्यवृत्ती नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपयांची आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे, सातवीत ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के, आणि शाळा सरकारी किंवा अनुदानित हवी. नुसता सत्कार करून सोडू नका. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नोंदणी झाली का, आधारवरचे आणि शाळेतले नाव एक आहे का, बँक खाते चालू आहे का, हे कोणीतरी पालकांबरोबर बसून पाहायला हवे. एका अक्षराच्या फरकाने पैसे अडकतात. संगणकाची सवय असलेल्या स्वयंसेवकाला देण्याजोगे हे उत्तम काम आहे. इन्स्पायर-मानक या केंद्राच्या विज्ञानकल्पनांच्या योजनेला शाळा पाच कल्पना पाठवू शकते. निवडलेल्या मुलाला प्रतिकृती करायला १०,००० रुपये मिळतात. ज्यांच्या कल्पना गेल्या पण निवडल्या नाहीत, त्यांचाही उल्लेख करा.

१३. शाळेबाहेरच्या क्लासने किंवा संस्थेने दिलेली पदके शाळेत गौरवायची का?

तीन प्रश्न विचारा. स्पर्धा सर्वांना खुली होती का? भाग घेणाऱ्या प्रत्येकाला पदक होते का? प्रवेशशुल्क भरले की पदक, असा व्यवहार होता का? पहिल्याचे उत्तर हो आणि पुढच्या दोघांचे नाही असेल तर मंचावर घ्या. बाकीची नावे फलकावर लावली की पुरे. तालुका, जिल्हा, राज्य पातळीवरच्या शालेय क्रीडास्पर्धा, कला अकादमीची भजन स्पर्धा यांत प्रश्नच येत नाही. भजनात मात्र पेटी आणि पखवाज वाजवणाऱ्या मुलांची नावे राहून जातात, यादी करताना पाहून घ्या.

१४. माझ्या मुलाला चार वर्षांत एकही बक्षीस नाही. मी काय करू?

वर्गशिक्षकांना भेटा आणि ‘बक्षीस द्या’ असे न म्हणता ‘माझा मुलगा शाळेत काय चांगले करतो, ते नोंदवहीत आहे का’ असे विचारा. आठवी संपण्याआधी प्रत्येक मुलाचे नाव प्रश्न २ मधल्या वहीत निदान एकदा यावे, ही शाळेची जबाबदारी. मात्र खोटे बक्षीस मुलांना लगेच कळते. ‘सर्वोत्कृष्ट हास्य’ असले काही दिले की बाराव्या वर्षीच मूल समजून जाते की आपल्याला काही तरी द्यायचे म्हणून दिले.

१५. पालक स्वयंसेवकांनी कोणती कामे करावीत आणि कोणती करू नयेत?

ग्रंथालयाची पुस्तके बांधणे, विज्ञान प्रदर्शनाची मांडणी, शाळा सुटताना फाटकापाशी उभे राहणे, परसबाग, घुमट, फुगडी, सुतारकाम, शिवण यांचे तास, आणि समारंभाची सगळी धावपळ, ही कामे पालकांची. उत्तरपत्रिका तपासणे, गुण भरणे, मुलांची गोपनीय कागदपत्रे हाताळणे, शिक्षा करणे आणि रजेवरच्या शिक्षकाचा तास घेणे ही कामे त्यांची नाहीत. शाळेला शिक्षक कमी असेल तर त्याची मागणी खात्याकडे लेखी करावी. पालकांवर भागवत राहिले की ती जागा रिकामीच राहते.

आजी-आजोबांना विसरू नका. सकाळी मोकळी असणारी माणसे तीच. आणि हॉटेलात पाळीवर किंवा मासेमारीला जाणाऱ्या पालकांना ‘येत नाहीत’ म्हणून यादीतून काढू नका. शिवायची पुस्तके, कापायचे पुठ्ठे घरी दिले तर ते रात्री करून देतात.

१६. दोनशे मुलांच्या समारंभाला किती स्वयंसेवक लागतात?

सोळा. फाटक व पार्किंग २, मुलांच्या रांगा ४, मंचाच्या पायऱ्या २, बक्षिसांचे टेबल २, ध्वनी १, फोटो १, खाणे-पिणे ३, आणि एक ज्याला कुठलेच काम दिलेले नाही. हा सोळावा सर्वांत महत्त्वाचा. चक्कर आलेले मूल, बंद पडलेला पंखा, हरवलेली चावी, सगळे त्याच्याकडे जाते. प्रथमोपचाराची पेटी त्याच्याच हाती द्या.

खाण्याला पातळभाजी-पाव धरला तर मुलामागे दोन पाव आणि दहा टक्के जादा. पोदेराला (पाववाल्याला) आदल्या दिवशी सांगून चालत नाही, चारशे-साडेचारशे पावांसाठी निदान तीन दिवस आधी सांगा. पाणी दोनशे मुलांना ६० लिटर, उन्हाळा असेल तर ८०.

१७. स्वयंसेवकांची पडताळणी करायची म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणे नाही का?

नियम सर्वांना सारखा असला की अविश्वासाचा प्रश्न येत नाही. ओळखपत्राची प्रत, फोन नंबर आणि लेखी हमी घ्या. नियमित येणाऱ्यांच्या बाबतीत पोलीस पडताळणीचे मुख्याध्यापकांनी ठरवावे. प्रत्यक्षातला नियम एकच पण कडक: कोणताही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत असणार नाही. दोन मोठी माणसे तरी हवीत किंवा दार उघडे हवे. वेशभूषेच्या खोलीत मुलींबरोबर फक्त आई-पालक आणि शिक्षिका. मुलाला कोणी त्रास दिल्याचे कळले तर ‘आपल्यातच मिटवू’ हा पर्याय उरत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. गोव्याचा स्वतःचा बालकायदा २००३ पासून आहे. मदतीचा क्रमांक १०९८.

१८. स्वयंसेवकांचे आभार कसे मानावेत? शाल-श्रीफळ की आणखी काही?

प्रश्न १ ची कसोटी इथेही लागते. ‘सर्व पालकांचे आभार’ या वाक्यात कोणाचेच आभार नसतात. ‘जून ते नोव्हेंबर दर बुधवारी येऊन २१४ पुस्तकांना कव्हर घातली’ असे वाचा. त्यासाठी हजेरीची वही हवी: तारीख, आलेली वेळ, गेलेली वेळ, काम.

शाल एकदा मिळाली की दुसरी कपाटात जाते. मुलांनी लिहिलेले पत्र, परसबागेतली भाजी, ग्रंथालयात त्यांच्या नावाची चिठ्ठी लावलेले एक पुस्तक, यांतले काहीही चालेल.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. महिला स्वयंसेवकांचा सत्कार ओटी भरून किंवा हळदी-कुंकवाने करू नका. रांगेत एखादी विधवा आई असते, एखादी ख्रिस्ती किंवा मुसलमान आई असते, आणि तबक तिच्यापाशी येऊन अडखळते. हे तिच्या मुलासमोर घडते. फूल आणि पत्र सर्वांना सारखे देता येते.

१९. बक्षिसांसाठी देणगी कशी घ्यावी? देणगीदाराला आयकरात सवलत मिळेल का?

पावतीशिवाय एक रुपयाही घेऊ नका, आणि पालकांकडून सक्तीने काहीच नको. पैसा पालक-शिक्षक संघाच्या बँक खात्यात जावा, कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही. सवलत तेव्हाच मिळते, जेव्हा पैसे घेणाऱ्या संस्थेची देणगीवरच्या सवलतीसाठी आयकर खात्याकडे नोंदणी (जिला ८०जी म्हणतात) आहे. संघाची ती सहसा नसते, शाळा चालवणाऱ्या संस्थेची असू शकते. रोख दिलेल्या २,००० रुपयांवरच्या देणगीला सवलत नाही आणि नवी करपद्धती निवडलेल्यांना ही सवलतच नाही. आईवडिलांच्या स्मरणार्थ कायमचे बक्षीस ठेवायचे असेल तर मुदत ठेव करून व्याजातून द्यावे आणि बक्षिसाचे नाव, निकष, व्याज कमी पडले तर काय, हे लेखी ठेवावे. व्याज पुरेनासे झाल्यावर ते बक्षीस पंचवीस रुपयांच्या वहीवर येते आणि कोणालाच बोलता येत नाही.

२०. प्रमुख पाहुणे वेळेवर आले नाहीत तर?

पंधरा मिनिटे थांबा, मग मुख्याध्यापकांच्या हस्ते सुरू करा. पाहुण्यांना निमंत्रणातच ‘९.३० ला सुरुवात’ असे कळवा. पाहुणे आले की चालू असलेला गट पूर्ण करून त्यांचे स्वागत करावे. मूल पायऱ्यांवर असताना मधेच थांबवू नये. राजकीय पाहुणे बोलवायचे असतील तर पंचायत किंवा अन्य निवडणुकीची आचारसंहिता लागू होण्याचा अंदाज घ्या. लागू झाल्यावर निमंत्रणपत्रिका परत छापाव्या लागतात. माजी विद्यार्थिनी असलेली परिचारिका किंवा गावातला जुना भजनी बुवा पाहुणा म्हणून आला तर वेळेवर येतो आणि भाषणही छोटे करतो, हा आपला फुकटचा सल्ला.

२१. पदाधिकाऱ्याच्या किंवा शिक्षकाच्याच मुलाला बक्षीस आले तर कुजबूज होते. काय करावे?

मूल पात्र असेल तर बक्षीस द्या. आईवडिलांच्या पदाची शिक्षा त्याला नको. पण निवडीच्या बैठकीतून त्या पालकाने उठून बाहेर जावे आणि तसे इतिवृत्तात लिहावे. निकष सुरुवातीलाच फलकावर लावलेले असले की कुजबूज निम्मी होते. उरलेली निम्मी कशानेच जात नाही.

२२. फिरती ढाल परत आली नाही किंवा मोडून आली. आता?

ढाल घरी देऊच नका. मुलाच्या हातात मंचावर द्या, फोटो काढा, नाव कोरून शाळेच्या कपाटात ठेवा आणि मुलाला घरी न्यायला लहान प्रतिकृती किंवा चौकटीतला फोटो द्या. आधीच दिलेली असेल तर लेखी पत्र पाठवा. दुरुस्तीचा खर्च संघाने करावा, मुलाकडून वसूल करू नये. नावाच्या पट्ट्या संपल्या असतील तर लाकडी पायावर नवा थर बसवता येतो, जुनी नावे काढू नका.

२३. समारंभात एखाद्याचे नाव राहूनच गेले. दुरुस्ती कशी करायची?

त्याच दिवशी करा. आभारप्रदर्शन सुरू होण्याआधी सूत्रसंचालकाने यादीवरच्या खुणा एकदा मोजाव्यात. एखादे नाव राहिलेले दिसले तर ‘एक नाव आमच्याकडून राहिले’ एवढेच म्हणून मुलाला बोलवावे. पाहुणे निघून गेल्यावर कळले तर दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी, सगळ्या शाळेसमोर, त्याच वाक्यासकट प्रमाणपत्र द्यावे आणि पालकांना त्याआधी फोन करावा. वर्गात नेऊन हळूच हातात देऊ नये. स्वयंसेवकाचे नाव राहिले तर मुख्याध्यापकांनी स्वतः घरी जाऊन यावे. चूक प्रमाणपत्रात असेल तर जुने परत घेऊन आठ दिवसांत नवे द्या. त्यासाठी कोरी छापलेली पाच प्रमाणपत्रे कपाटात राखून ठेवलेली बरी.